आवाजयोजना, सचेतनपटातील

आवाजयोजना, सचेतनपटातील : रेखाटलेल्या, बाहुलीरूप किंवा संगणकनिर्मित पात्रांसाठी योग्य आवाजाच्या कलावंतांची निवड करणे, त्यांच्याकडून संवाद म्हणवून घेणे आणि त्या ध्वनिमुद्रणाचा चित्रांशी मेळ घालणे, या सर्व कामांचा आवाजयोजनेत समावेश होतो. नाटकात किंवा नेहमीच्या चित्रपटात नटाचा चेहरा, चाल आणि आवाज ही एकाच देहात एकत्र येतात. सचेतनपटात म्हणजेच ॲनिमेशनपटात मात्र देह चित्रकाराचा आणि आवाज नटाचा, अशी वाटणी झालेली असते. पात्राच्या स्वभावाचा मोठा भाग या आवाजातूनच प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. पण तो देणारी व्यक्ती पडद्यावर कधीच दिसत नाही. आवाजयोजनेतील कलात्मक, आर्थिक आणि कायदेशीर प्रश्न या एका विसंगतीतून निर्माण झालेले आहेत.

प्रौढ प्रेक्षकांसाठी निर्माण केलेल्या विनोदी विज्ञानकथांत आवाजाचे महत्त्व विशेष जाणवते. यंत्रमानव, परग्रहवासी किंवा एकाक्ष अंतराळयात्री यांचा नैसर्गिक आवाज कोणी ऐकलेला नसतो. तो कल्पनेनेच घडवावा लागतो. शिवाय अशा मालिकांतील विनोद धावपळ आणि पडझड यांपेक्षा संभाषणातील उपरोध, विसंगती आणि वेळ साधण्याचे कौशल्य यांवर अधिक अवलंबून असतो.

निर्मितिप्रक्रिया : बहुतेक सचेतनपटांत आवाज आधी आणि चित्र नंतर, असा क्रम असतो. संहिता तयार झाली की कलावंत एकत्र बसून तिचे वाचन करतात. कोणता विनोद रंगतो आणि कोणता पडतो, हे या वाचनातच लक्षात येते व त्यानुसार संवाद बदलले जातात. ध्वनिमुद्रण झाल्यावर कोणता वर्ण कोणत्या चौकटीवर पडतो, याचा तक्ता तयार करतात. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरण्याची पद्धत रूढ असल्याने सेकंदाला १२ चित्रे पुरतात. मुखाकृतीही मोजक्याच लागतात : प, ब, म या ओष्ठ्य वर्णांसाठी मिटलेले ओठ, ‘आ’साठी उघडे तोंड, ‘ऊ’साठी गोल ओठ इत्यादी. नटाने घेतलेला श्वास, शब्दांमधील विराम किंवा वाक्याच्या शेवटी खाली आलेला सूर ऐकून चित्रकार पात्राच्या भुवया, खांदे व हात हलवितो. या अर्थाने नट हा चित्राचाही सहकर्ता ठरतो.

याच्या उलट क्रमही आढळतो. १९३० नंतरच्या दशकात फ्लाइशर बंधूंच्या ‘पॉपाय’ लघुपटांत चित्रे आधी तयार होत आणि जॅक मर्सर (१९१०–८४) हे नट त्यांकडे पाहून पुटपुटल्यासारखे शेरे भरीत. अन्य भाषांत भाषांतरित होणाऱ्या पटांना तर हाच क्रम अपरिहार्य असतो. कारण चित्र पूर्ण होऊनच हाती आलेले असते.

निवडीचे निकष : डोळे मिटून ऐकले तरी प्रत्येक पात्र वेगळे ओळखता यावे, ही पहिली अपेक्षा असते. आवाज कितीही विलक्षण असला, तरी तो तासन्‌तास आणि पुढे वर्षानुवर्षे टिकविता आला पाहिजे. घसा खरवडून काढलेला आवाज एका दृश्यापुरता चालतो, मालिकेला पुरत नाही. एकाच कलावंताला अनेक पात्रे साधत असतील, तर खर्च वाचतो आणि पात्रांच्या परस्परसंवादाला एक लय येते. लहान मुलग्यांच्या भूमिका बहुधा स्त्रियांकडे सोपविल्या जातात. मुलग्यांचा आवाज वयात येताना फुटतो; प्रौढ स्त्रीचा आवाज मात्र दीर्घकाळ तसाच राहू शकतो. ‘द सिम्पसन्स’ मालिकेतील बार्ट या मुलाला नॅन्सी कार्टराइट यांनी आवाज दिला. हिंदीत ‘निन्जा हातोरी’ या जपानी बालनायकाचा आवाज मेघना एरंडे यांचा आहे. प्रसिद्ध नटाची निवड करताना त्याच्या आवाजाशी जोडलेल्या पूर्वस्मृतींचाही हेतुपूर्वक उपयोग केला जातो.

महाराष्ट्रातील परंपरा : दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट तयार केला. त्यात आगकाड्या हालताना दिसत. पण तो काळ मूकपटांचा होता. सचेतनपटाला संघटित स्वरूप मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागामुळे आले. डिझ्नीच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील चित्रकारांना शिक्षण दिले आणि १९५७ मध्ये जातककथेवर आधारित ‘द बन्यन डिअर’ हा लघुपट तयार झाला. याच विभागात घडलेले राम मोहन (१९३१–२०१९) यांनी पुढे प्रौढांच्या चित्रपटांसाठीही उपरोधपूर्ण सचेतन दृश्ये केली. ‘भुवन शोम’ (१९६९) व ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या दोन्ही चित्रपटांत त्यांचे सचेतनकार्य आहे आणि दोन्हींचे निवेदन अमिताभ बच्चन यांनी केले आहे. फिल्म्स डिव्हिजन ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.

‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा लघुपट आवाजाच्या अचूक निवडीचे उत्तम उदाहरण होय. त्याची संकल्पना व निर्मिती विजया मुळे (१९२१–२०१९) यांची, सचेतनकार्य भीमसेन (१९३६–२०१८) यांचे आणि संगीत वसंत देसाई (१९१२–७५) यांचे होते. त्यातील गाणे साधना सरगम यांनी बालवयात गायिले. मोठ्या गायिकेने मुलीचा आवाज काढण्याऐवजी मुलीनेच मुलांशी बोलावे, अशी ही योजना होती. दूरदर्शनवरून वारंवार दाखविल्या गेलेल्या या लघुपटातील आवाज देशभरातील एका पिढीच्या स्मरणात राहिला. गायिकेचे नाव मात्र पुष्कळांना फार उशिरा कळले.

निर्जीव देहाला आवाज देण्याची कला मराठी प्रेक्षकांना बोलक्या बाहुल्यांच्या खेळांतून आधीच परिचित होती. य. के. पाध्ये यांनी घडविलेल्या ‘अर्धवटराव’ या बाहुल्याची परंपरा त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी पुढे चालविली. महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ (१९९३) या भयविनोदी चित्रपटातील तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्ये यांनी तयार केला आणि त्याला दिलीप प्रभावळकर यांचा आवाज लाभला. या चित्रपटात गुन्हेगार तात्या विंचूची भूमिकाही प्रभावळकरांचीच असल्याने, माणूस मरून त्याचा आत्मा बाहुल्यात शिरला ही कल्पना प्रेक्षकाला आवाजावरूनच पटते. हा रूढ अर्थाने सचेतनपट नसला, तरी देह एकाचा आणि वाणी दुसऱ्याची हे आवाजयोजनेचे मूलतत्त्व त्यात स्पष्ट दिसते.

यूगो साको आणि राम मोहन यांच्या सहकार्याने १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ या भारतीय-जपानी चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, तर रावणाचा अमरीश पुरी यांचा होता. गोविल यांनी दूरदर्शनवरील रामायणात रामाची भूमिका केली असल्याने रेखाटलेल्या रामालाही प्रेक्षकांची श्रद्धा आपोआप लाभली. पूर्वस्मृतीचा उपयोग म्हणतात तो हाच.

परदेशातील एक उदाहरण : प्रौढांसाठीच्या विनोदी वैज्ञानिक सचेतनमालिका मुख्यतः अमेरिकेत विकसित झाल्या. या प्रकाराची पूर्वपीठिका हॅना-बार्बेरा संस्थेच्या ‘द जेट्सन्स’ (१९६२) या कौटुंबिक मालिकेत आढळते. तिच्यावर आधारलेल्या १९९० च्या चित्रपटात कन्येच्या भूमिकेचे ध्वनिमुद्रण मूळच्या कलावती जॅनेट वॉल्डो यांनी पूर्ण केले होते. तथापि ते बाजूला सारून त्या वेळच्या लोकप्रिय गायिका टिफनी यांचा आवाज घालण्यात आला. पात्राशी एकरूप झालेला आवाज मोठा की जाहिरातीला उपयोगी पडणारे नाव मोठे, हा वाद तेव्हापासून वारंवार उपस्थित होत आला आहे.

मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेली आणि डेव्हिड एक्स. कोहेन यांच्या साहाय्याने विकसित केलेली ‘फ्यूचरामा’ ही मालिका २८ मार्च १९९९ रोजी सुरू झाली. १९९९ च्या अखेरच्या रात्री गोठविला गेलेला फ्राय हा पिझ्झा पोहोचविणारा तरुण एक हजार वर्षांनी जागा होतो, हे तिचे कथासूत्र. आरंभीच्या आवाजयोजनेत बरेच फेरबदल झाले. फ्रायसाठी आधी चार्ली श्लॅटर यांची आणि लीला या एकाक्ष नायिकेसाठी निकोल सलिव्हन यांची निवड झाली होती. नंतर या भूमिका अनुक्रमे बिली वेस्ट आणि केटी सगाल यांच्याकडे आल्या. उद्धट यंत्रमानव बेंडर याचा आवाज जॉन डिमॅजिओ यांनी घडविला. यंत्रमानवाचा आवाज धातूसारखा आणि एकसुरी असावा, हा संकेत मोडून त्याला मद्यालयातील बढाईखोर माणसाचा घोगरा सूर देण्यात आला. यंत्र माणसासारखे बोलते आणि माणसे यंत्रासारखी वागतात, हा मालिकेचा उपरोध त्या एका निवडीने अधिक धारदार झाला.

वेस्ट यांच्याकडे फ्रायशिवाय वृद्ध प्राध्यापक फार्न्सवर्थ, कवचधारी परग्रहवासी वैद्य झॉइडबर्ग आणि आत्मप्रौढ सेनानी झॅप ब्रॅनिगन ही पात्रेही आहेत. फ्रायसाठी त्यांनी स्वतःच्या पंचविशीतील आवाजाची आठवण वापरली. झॉइडबर्गसाठी लू जॅकोबी व जॉर्ज जेसेल या जुन्या विनोदी नटांच्या ढबी एकत्र केल्या. चौघे एकाच दृश्यात आले, तर वेस्ट यांना स्वतःशीच वाद घालावा लागतो. ब्रॅनिगनची भूमिका मुळात फिल हार्टमन (१९४८–९८) यांच्यासाठी योजिली होती. मालिका सुरू होण्यापूर्वीच, २८ मे १९९८ रोजी, हार्टमन यांची हत्या झाली. वेस्ट यांनी ती भूमिका हार्टमन यांच्या शैलीची जाण ठेवून केली आणि फ्रायला ‘फिलिप’ हे पहिले नाव हार्टमन यांच्या स्मरणार्थ देण्यात आले. पडद्यावर न दिसलेल्या नटाचे पडद्यावरील स्मारक म्हणून या नावाकडे पाहता येईल.

निर्मितीच्या इतर अंगांतही असेच बारकावे आहेत. मालिकेचे नाव १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक मेळ्यातील एका भविष्यदर्शक दालनावरून घेतले आहे. पार्श्वभूमीवरील फलकांत परग्रहवासीयांच्या काल्पनिक लिप्या येतात. त्यांतील पहिली साध्या अक्षरबदलावर, तर दुसरी बेरजेच्या नियमावर आधारलेली आहे. मनांची अदलाबदल झालेल्या पात्रांना पूर्ववत करता येते, हे दाखविण्यासाठी लेखक केन कीलर यांनी २०१० च्या एका भागासाठी स्वतंत्र गणिती प्रमेय सिद्ध केले. कीलर हे उपयोजित गणितातील डॉक्टरेटधारक आहेत.

पहिल्या ७२ भागांनंतर २००३ मध्ये मालिका थांबली. २००७ ते २००९ या काळात चार दीर्घपट निघाले आणि २०१०–१३ या काळात नवे भाग प्रसारित झाले. २००९ मध्ये मानधनाबाबत एकमत न झाल्याने निर्मात्यांनी प्रमुख भूमिकांसाठी नवे कलावंत शोधत असल्याचे जाहीर केले. तथापि त्याच वर्षीच्या जुलैअखेर तडजोड होऊन मूळ कलावंत परतले. २०२२ मध्ये पुनरुज्जीवनाची घोषणा झाली, तेव्हा डिमॅजिओ यांच्याशी करार झालेला नव्हता. काही आठवड्यांनी तो झाला आणि २०२३ पासून नवे भाग मूळ आवाजांसह दाखविले जाऊ लागले. याच वर्षी ‘रिक अँड मॉर्टी’ या दुसऱ्या प्रौढ विज्ञानविनोदी मालिकेत उलट घडले. दोन्ही नायकांचे आवाज देणारे सहनिर्माते जस्टिन रोइलंड यांच्याशी वाहिनीने जानेवारीत संबंध संपविले आणि ऑक्टोबरपासून इयन कार्डोनी व हॅरी बेल्डन यांनी त्या भूमिका मिळत्याजुळत्या आवाजांत पुढे चालविल्या. एका ठिकाणी आवाज पात्राचा अविभाज्य भाग ठरला. दुसऱ्या ठिकाणी पात्र आवाजाच्या धन्यावाचून टिकले.

भाषांतर आणि बोली : भारतातील आवाजयोजनेचे मोठे क्षेत्र मूळ निर्मितीचे नसून भाषांतराचे आहे आणि त्याचे एक प्रमुख केंद्र मुंबई हे होय. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘जंगल बुक’ या जपानी मालिकेच्या हिंदी आवृत्तीत शेरखानाला नाना पाटेकर यांचा आवाज होता. २०१६ च्या ‘द जंगल बुक’ या स्वतंत्र चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखानासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले. ‘द लायन किंग’ (२०१९) च्या हिंदी आवृत्तीत टिमॉनचा आवाज श्रेयस तळपदे यांनी दिला.

भाषांतरकाराला येथे दुहेरी बंधन पाळावे लागते. पडद्यावर ओठ मिटतात तेथे शक्यतो ओष्ठ्य वर्ण यावा लागतो आणि वाक्याची लांबीही तेवढीच ठेवावी लागते. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. त्यामुळे इंग्रजी वाक्याच्या अखेरीस ठेवलेला विनोदाचा शब्द मराठीत मध्येच पडण्याची शक्यता असते, तर पात्राचा हावभाव मात्र शेवटासाठी रेखाटलेला असतो. अशा वेळी शब्दशः भाषांतर निरुपयोगी ठरते. वाक्याची रचना फिरवून नवा विनोद बसवावा लागतो.

कोणत्या पात्राने कोणती बोली बोलावी, हा प्रश्न याहूनही नाजूक आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव हे भुसावळ तालुक्यातील आयुध निर्माणीचे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. पूर्व खानदेशातील या पट्ट्यात लेवा गणबोली प्रचलित आहे. पश्चिमेकडे धुळ्याच्या बाजूस अहिराणीचा प्रदेश आहे. कारखान्याच्या आणि रेल्वेच्या व्यवहारात हिंदी कानी पडते. शाळेतील मराठी प्रमाणभाषा असते. येथील श्रोता हे सर्व आवाज सहज वेगळे ओळखतो. आकाशवाणीच्या नभोनाट्यांनी देहावाचून आवाजावरून माणूस उभा करण्याची सवयही श्रोत्यांना लावलेली आहे. अशा प्रेक्षकासमोर शास्त्रज्ञाला प्रमाण मराठी आणि मूर्ख यंत्रमानवाला बोली देण्याचा सोपा संकेत वापरला, तर पात्राबरोबर त्या बोलीचीही थट्टा होते. तीच बोली चतुर पात्राच्या तोंडी आली, तर ती विनोदाचे लक्ष्य न राहता विनोदाचे साधन बनते. आवाजाची निवड ही त्यामुळे केवळ कंठाची निवड नसते. समाजातील कोणाचे बोलणे हास्यास्पद मानायचे, याचाही निर्णय तीत दडलेला असतो.

हक्क आणि मान्यता : आवाजाच्या कलावंतांचे नाव श्रेयनामावलीत देण्याची प्रथा सावकाश रुजली. अमेरिकेत वॉर्नर संस्थेच्या व्यंगपटांत मेल ब्लँक (१९०८–८९) यांचे नाव १९४० नंतरच्या दशकात झळकू लागले, तेव्हा तो अपवाद होता. भारतात १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याच्या हक्कांना व्यापक स्थान मिळाले. या हक्कांची मुदत आता ५० वर्षे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि आपल्या प्रयोगाच्या अपकीर्तिकारक विपर्यासाला हरकत घेण्याचा नैतिक हक्कही मान्य झाला. मात्र चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या रूढीनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, अशा व्यक्तीला विपर्यासाविरुद्धचा हक्क वगळता कायदा प्रयोगकर्ता मानत नाही. म्हणून श्रेयनामावलीतील एक ओळ हा केवळ मानाचा विषय राहत नाही.

संगणकाने माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणे शक्य झाल्यावर या प्रश्नाला नवे वळण मिळाले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे अनुमतीवाचून नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजालाही याच न्यायालयाने संरक्षण दिले. या दोन्ही प्रकरणांतील आवाज सर्वज्ञात होते आणि त्यांच्या मागे मोठी नावे उभी होती. सचेतनपटातील कलावंताची स्थिती वेगळी असते. त्याचा आवाज लाखो घरांत ओळखीचा असतो. पण तो पात्राच्या नावाने. नक्कल झाली, तर ती पात्राची की कलावंताची, हे ठरविणे कठीण जाते.

आवाज आधी आणि चित्र नंतर, या क्रमाने सचेतनपटातील नटाला पात्राच्या जन्मात वाटा मिळतो. भाषांतरात तो क्रम उलटतो, तरी नव्या भाषेत पात्राला दुसरा जन्म देण्याचे काम नटच करतो. यंत्राच्या नकलेत मात्र आवाज राहतो आणि बोलणाऱ्याचा निर्णय नाहीसा होतो. विराम कोठे घ्यावा, कोणता शब्द गिळावा, उद्धट यंत्रमानवाच्या स्वरात कारुण्य कोठे डोकावू द्यावे, हे निर्णय म्हणजेच आवाजाचा अभिनय होय. आवाजयोजनेत निवड होते ती कंठाची दिसली, तरी वस्तुतः ती या निर्णयशक्तीची असते.